दोनदा उसवलेली बाही

मी शिलाईचं काम करते. तिरोड्यापासून आठ किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावातल्या निम्म्या बायकांच्या दंडाचं माप मला तोंडपाठ आहे. कोण जाड झाली, कोण वाळली, कोणाला दिवस गेले, हे तिच्या सासूच्या आधी मला कळतं. या गोष्टीचा मला भारी तोरा होता. आणि सातव्या महिन्यात माझाच दंड आठ दिवसांत दोनदा फुगला, तर मी काय केलं? बाही उसवली, अर्धा इंच सैल केली, पुन्हा शिवली. चार दिवसांनी परत उसवली, परत शिवली. वरून नवऱ्याला हसत सांगितलं, "पाहा, तुमच्या घरचा भात अंगी लागून राहिला."

हे मी पोटुश्या बायांसाठी लिहिते आहे. त्यांच्या सासवांसाठी तर जास्तच. डॉक्टरी भाषा मला येत नाही आणि आणायचीही नाही. जे अंगावर आलं तेवढंच सांगते.

गाडी गेली समज

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. माझं माहेर सालेकशाकडं. सातव्या महिन्यात ओटी भरली, सासूनं दोन्ही हात हिरव्या बांगड्यांनी गच्च भरून दिले, आणि दुसऱ्या आठवड्यात मला आगगाडीनं माहेरी पोचवायचं ठरलं. आईनं तिकडं माझ्यासाठी खाट उन्हात टाकून ठेवली होती, असा तिचा दोनदा फोन येऊन गेला होता.

त्या दिवशी सकाळपासून डोकं ठणकत होतं. एका बाईचा ब्लाउज द्यायचा राहिला होता म्हणून मशीनवर बसले, तर सुईत धागा ओवता येईना. सुईची भोकं दोन दिसत होती. डोळ्यांसमोर चांदण्या चमकत होत्या. शेजारच्या काकूंना बोलावून धागा ओवून घेतला. त्या म्हणाल्या, "मशीनवर बसून बसून डोळे गेले तुझे." मलाही तेच खरं वाटलं. सासू म्हणाली, "ओटीत एवढी सजून बसली होतीस, नजर लागली." तिनं मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. तडतड वाजली तेव्हा तिचं समाधान झालं. माझंही झालं, खोटं कशाला सांगू.

गावच्या उपकेंद्रात मी गेले ती तपासायला नाही. माझं तपासणीचं कार्ड तिथं राहिलं होतं आणि माहेरच्या नर्सबाईला ते दाखवावं लागलं असतं, म्हणून. सासू बॅग घेऊन सोबत. आमच्या नर्सबाईंचं नाव कुमुद. बोलायला फटकळ, हाताला हलकी. म्हणाली, "कार्ड नेतेस तर बीपी बी घेऊन जा. बस."

पट्टा बांधायला तिनं माझी बाही वर सरकवायला घेतली. बाही सरकेना. तिनं बोटानं शिवण उलटी करून पाहिली. नवी शिवण, तिच्या आत एक उसवलेली, तिच्याही आत आणखी एक, दोन्हींची भोकं तशीच दिसत होती.

"हे दोनदा उसवलं काऊन?"

"जाड झाली ना मी."

"कवा कवा उसवलं?"

"एक मागच्या सोमवारी. एक परवा."

कुमुदबाईनं पट्टा बांधला, हवा भरली, पाहिलं. मग दुसऱ्या हाताला बांधला. मग मला पाच मिनिटं डाव्या कुशीवर झोपवलं आणि परत पाहिलं. लघवी तपासली. माझ्या तोंडाकडं बघितलं, पायाची नडगी अंगठ्यानं दाबली. तिथं खड्डा पडला तो भरेचना.

"डोकं दुखून राहिलं का?"

"हाव. थोडंसं."

"डोळ्यांपुढं चमकते?"

"तुमाले कसं समजलं?"

"कोठी जाऊन राहिली होतीस?"

"सालेकसाले. गाडीचा टाइम झाला, बाई."

"गाडी गेली समज," ती म्हणाली आणि फोन उचलला.

सासूला काही कळेना. ती म्हणाली, "अवं बाई, एक इंजेक्शन देऊन टाका अन् जाऊ द्या. पोरीची माय वाट पाहून राहिली." कुमुदबाई फोनवरच हात धरून वळली आणि म्हणाली, "आजी, या पोरीले गाडीत झटका आला तर तुमी काय करसाल? खिडकीतून मले हाक मारसाल?"

झटका, म्हणजे फिट येणं, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा माझ्यासाठी ऐकला.

तिनं दोन्ही कुल्ल्यांवर एकेक इंजेक्शन दिलं. असं दुखलं की मी तिला शिवी दिली. खरंच दिली. ती म्हणाली, "दे, अजून दे, शिव्या देते तोवर जित्ती आहेस." आणि ॲम्ब्युलन्स आल्यावर ती स्वतः आत चढली. तिची पिशवी, तिचा डबा, सगळं टेबलावर तसंच राहिलं.

बांगड्या वाढवा

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत मला माणसं धूसर दिसायला लागली होती. कुमुदबाईनं मला ज्यांच्या हाती दिलं त्या पुष्पा सिस्टर. प्रसूतिगृहाच्या इनचार्ज. नर्सच, पण बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेतलेल्या. तिथं त्यांना मिडवाइफ म्हणतात. माझी सासू पहिल्या दिवसापासून त्यांना सरळ सुईणबाई म्हणाली, आणि त्यांनी तिला कधी टोकलं नाही. सोबत एक तरुण सिस्टर, रोशनी. ती डोंगरगडकडची, बोलणं सगळं हिंदीत, मराठी येतं पण अडखळत.

हाताला सलाईन लावायची होती आणि माझ्या मनगटावर बांगड्या रुतल्या होत्या. ओटीच्या दिवशी खुळखुळत होत्या, आता एक जागची हलत नव्हती. पुष्पा सिस्टर इंजेक्शन भरता भरता म्हणाल्या, "रोशनी, आधी तिच्या बांगड्या वाढव."

रोशनीनं माझे दोन्ही हात वर करून पाहिले आणि घाबऱ्या आवाजात म्हणाली, "और कितनी बढ़ाऊँ, सिस्टर? जगह ही नहीं है।"

आपल्याकडं सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या बिचारीला वाटलं, हिच्या हातात अजून बांगड्या भरायच्या आहेत. पुष्पा सिस्टर हसल्या, दारातली आया, मावशी म्हणतात तिला, ती हसली, आणि बापा, मीही हसले. डोकं फुटायला आलेलं, मरणाची भीती पोटात, आणि मी खाटेवर पडून खदखदा हसत होते. त्या हसण्याचे मी रोशनीचे आजही आभार मानते.

पण सासूला हसू आलं नाही. तिनं दोन्ही हात आडवे घातले. "ओटीच्या बांगड्या हायेत. बाळ झाल्याबिगर हात लावायचा नाई."

मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता इथं भांडण होणार आणि त्यात माझा जीव जाणार. पुष्पा सिस्टर आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमीच भरल्या ना, आजी? मग तुमीच वाढवा. आमी नाई लावत हात. पण आत्ता. चहा थंडा व्हायच्या आत करा." चहा कुठं होता कोण जाणे.

सासूनं पदर माझ्या मनगटावर गुंडाळला, वरून हात दाबला आणि एकेक बांगडी वाढवली. प्रत्येक बांगडीला ती काहीतरी पुटपुटत होती. शेवटी तिनं स्वतःच्या गळ्यातला काळा दोरा सोडला आणि माझ्या मनगटाला बांधला. रोशनीनं दोरा वर सरकवला, काढला नाही, आणि त्याच्या खालीच शीर शोधली.

अंधाऱ्या खोलीतली हातोडी

ज्या खोलीत मला ठेवलं तिथं खिडकीला गडद पडदे होते. उजेड आणि आवाज यांनी झटका येऊ शकतो म्हणून. इंजेक्शन शिरेतून गेलं की अंगभर आग व्हायची, कानशिलं, घसा, मांड्या सगळं पेटल्यासारखं. पहिल्यांदा मला वाटलं, चुकीचं औषध दिलं, मेले मी. रोशनी कपाळावर ओलं फडकं ठेवत म्हणाली, "दीदी, ये गर्मी दवा की है, अभी उतरेगी।" उतरली.

मग सुरू झाला नेम. दर तासाला एक सिस्टर यायची. श्वास मोजायची. लघवीच्या पिशवीत किती जमलं ते बघायची. आणि रबरी हातोडीनं माझ्या गुडघ्याखाली टकटक मारायची. पाय उडाला पाहिजे. पाय उडाला की ती "शाबास" म्हणायची, जसं काही मी पेपर पास झाले. औषध जास्त झालं तर पाय उडायचा थांबतो, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी फक्त एवढंच धरून बसले होते की पाय उडतो तोवर मी आहे. सिस्टर नसताना मी स्वतःच्या बोटानं मारून बघायची.

सगळ्यात जास्त भीती मला डोळ्यांची वाटली. मरणाची भीती मोठी असते, ती अंगावर घेता येत नाही. डोळ्यांची भीती बारीक होती, ती सतत टोचायची. मी पुष्पा सिस्टरना विचारलं, "सिस्टर, मले परत दिसन का? मी टेलर आहो."

"दिसन."

"नक्की?"

"बीपी उतरला का दिसन. न दिसलं तर माह्या साडीचा फॉल तू फुकटात लावजो." मला हे बोलणं तेव्हा जरा राग आणणारं वाटलं. नंतर कळलं, त्या खोटी आशा देत नाहीत. ज्याची खात्री असते त्याचीच थट्टा करतात.

बाहेर व्हरांड्यात वेगळंच चाललं होतं. माझी आई सालेकशाहून धावत आली होती आणि सासूशी जुंपली होती. "तुमी मशीन चालवायले लावली." "तुमच्या पोरीनं एका शब्दानं सांगतलं नाई." दोघींचं खरं होतं आणि दोघींचं खोटं होतं. मला कोणी मशीन चालवायला लावलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही कारण मलाच सांगण्यासारखं काही वाटलं नाही. शेवटी आतून पुष्पा सिस्टर गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचा आवाज आत येऊन राहिला. तुमच्या आवाजानं पोरीले झटका आला तर मी दोघींची नावं कागदावर लिहीन." दोघी एका बाकावर जाऊन बसल्या. दुपारी मावशीनं सांगितलं, एकाच डब्यातून भात खाऊन राहिल्या.

माझा नवरा देवानंद वीज प्रकल्पात ठेकेदाराकडं फिटर आहे. तो ड्युटीवरून तसाच बूट घालून आला होता. दोन दिवस तो दारात उभा. मला वाटलं, हा बसत का नाही? पुष्कळ महिन्यांनी त्यानं सांगितलं. पिक्चरमध्ये दाखवतात ना, डॉक्टर बाहेर येऊन विचारतो, आई पाहिजे की बाळ. तो त्या प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं उत्तर ठरवून ठेवलं होतं आणि प्रश्न चुकू नये म्हणून तो बसत नव्हता. तसं कोणी काही विचारलं नाही. विचारतही नाहीत. त्यानं ठरवलेलं उत्तर काय होतं ते त्यानं मला सांगितलं, मुलगी झोपली आहे याची खात्री करून, आणि मग तिच्या पायांना हात लावून रडला.

ती दुपार

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, आता थांबता येणार नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं झाली होती, कळा यायचं औषध सुरू केलं. पोट कापावं लागेल का, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, पाहू, आधी पुष्पा सिस्टरना पाहू दे.

कळांचं मी काही सांगत नाही. ते प्रत्येकीचं वेगळं असतं आणि ऐकून कोणाचं कमी होत नाही. एवढं सांगते, की पुष्पा सिस्टर पूर्ण वेळ माझ्या पायाशी होत्या आणि त्यांचा एक हात माझ्या गुडघ्यावर होता. त्या ओरडल्या नाहीत. मी ऐकलं होतं की दवाखान्यात बाळंतिणीला ओरडतात, मारतात. मी सारखी वाट पाहत होते की आता मारतील. शेवटी मीच म्हटलं, "सिस्टर, मारायचं असन तर मारून टाका, मले नाई जमून राहिलं." त्या म्हणाल्या, "काऊन मारू? तू काय माहं वावर चारलं?"

दुपारी तीनच्या सुमारास मुलगी झाली. एक किलो चारशे ग्रॅम. आणि ती रडली नाही.

मला धूसर दिसत होतं, पण कोपऱ्यात दिव्याखाली रोशनीची पाठ दिसत होती. ती एका छोट्या मास्कनं बाळाच्या तोंडात हवा भरत होती आणि मोजत होती, "एक, दो, तीन. एक, दो, तीन." मी पण मोजायला लागले. मोठ्यानं मोजायला लागले. पुष्पा सिस्टर माझ्यापाशी होत्या, त्यांनी मला गप्प केलं नाही. किती वेळ मोजलं देव जाणे. मग एक आवाज आला, पातळ, मध्येच तुटणारा, धार गेलेली कात्री कापडावर अडखळते तसा. पण आला. रोशनी वळली आणि हिंदीत काहीतरी म्हणाली, आणि रडायला लागली. पुष्पा सिस्टर तिला म्हणाल्या, "रडणं नंतर. आधी तिले गुंडाळ."

त्यानंतरचं मला आठवत नाही. मला झटका आला तो तेव्हा. सगळं झालं, आता सुटलो, असं वाटलं त्यानंतर. बाळ झाल्यावरही येऊ शकतो, हे कृपा करून लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातला तो दीड तास माझ्याकडं नाही. सासूकडं आहे, ती दारातून पाहत होती. ती सांगते की चार सिस्टर एका हाकेत धावल्या, एकीनं मला कुशीवर वळवलं, एकीनं डोकं धरलं, कोणी एकमेकीला काही विचारलं नाही. मी शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावलेली होती आणि पुष्पा सिस्टर माझ्या कानाशी सारखं माझं नाव घेत होत्या. "ममता. ममता. अवं ममता, उठ व माय, पोट्टी वाट पाहून राहिली."

छातीशी

चौथ्या दिवशी मला मुलगी दाखवली. काचेच्या पेटीत, नाकात नळी, पाय माझ्या अंगठ्याएवढे. मी पाहिलं आणि परत आले. कोणाशी बोलले नाही. लोकांना वाटलं मला मुलगी झाली म्हणून मी नाराज. मला कोणाला सांगायचंच नव्हतं की मी घाबरले. मी माप घेणारी बाई, एवढ्या छोट्या मापाचं माणूस मी पाहिलं नव्हतं.

रोशनीनं मला शिकवलं. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट, आई उघड्या छातीची, आणि बाळ कातडीला कातडी लावून बांधायचं. तासन् तास. "दीदी, आप ही इसकी पेटी हो," ती म्हणायची. पहिल्या दिवशी बांधलेलं फडकं सारखं खाली घसरायचं. मी दोनदा सहन केलं, तिसऱ्यांदा माझा पारा चढला. म्हटलं, हे कोणी कापलं? खांद्याला उतार नाही, कमरेला पकड नाही. आणा इकडं सुई.

मावशीनं कुठून तरी सुई-दोरा आणला. मी सुई उजेडाकडं धरली. एकच भोक होतं. धागा पहिल्या दमात आत गेला. मी तशीच बसून राहिले, सुई हातात धरून. मावशी म्हणाली, "काय झालं व?" मी म्हटलं, "काई नाई, ओवला."

त्या फडक्याचं मी नीट पट्ट्यांचं झबल्यासारखं केलं. दोन दिवसांत बाजूच्या खाटांवरच्या बायांनी मागितलं. पुढचे तीन आठवडे माझी मुलगी माझ्या छातीवर आणि मांडीवर कोणाचं तरी फडकं. बाळाचं वजन वीस ग्रॅमनं वाढलं की वॉर्डात सगळ्यांना कळायचं. कमी झालं की मी कोणाशी बोलायची नाही, आणि रोशनी न विचारता येऊन माझी वेणी घालून जायची.

आता जे ऐकायचं ते ऐका. तोंड, हात सुजले, डोकं एकसारखं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर मीठ-मोहरी ओवाळा, माझं काही म्हणणं नाही, पण ओवाळून झाल्याबरोबर बीपी तपासा. आणि बाही घट्ट झाली तर आधी नर्सबाईकडं जा, मग माझ्याकडं या.

सत्काराच्या दिवशी

यंदा परिचारिका दिनाला दवाखान्यातून मला बोलावणं आलं. जुनी पेशंट म्हणून दोन शब्द बोलायचे. मी चार पानं लिहिली. मुलगी अकरा महिन्यांची, तिला नवा फ्रॉक शिवला, आणि सासूला घेऊन गेले.

हॉलमध्ये सिस्टर पांढऱ्या साड्यांत, ड्रेसमध्ये, केसांत मोगरा. मेट्रन मॅडमनी आधी कर्मचाऱ्यांच्या बातम्या वाचल्या. रोशनी सिस्टरची मिडवाइफच्या शिक्षणासाठी निवड झाली, टाळ्या. आमच्या उपकेंद्राची कुमुदबाई पाहुणी म्हणून आली होती, तिची बदली सालेकसा तालुक्यात झाली. हे ऐकून मी चिडले. टाळी वाजवलीच नाही. तिला गाठून म्हटलं, "तुमी जाऊन राहिल्या तर आमच्या गावच्या बायांचं काय?" ती म्हणाली, "तुह्या माहेरी जाऊन राहिली, परक्याच्या घरी नाई. तिकडच्या बायांले बाह्या नाईत का?" आणि तिसरी बातमी, पुष्पा सिस्टर महिनाअखेर निवृत्त होणार.

त्यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटो व्हायचा होता. तेवढ्यात मावशी आली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला आणि हॉलभर नजर फिरवली.

"ममता, उठ. पोट्टीले घे."

"सिस्टर, माझं भाषण..."

"भाषण राहू दे. चल."

मी चार पानं सासूच्या हातात दिली आणि त्यांच्या मागं पळाले. प्रसूतिगृहाच्या बाजूच्या त्या अंधाऱ्या खोलीच्या दारात त्या थांबल्या. आत खाटेच्या काठावर एक मुलगी बसली होती. वीसेक वर्षांची, तोंड सुजलेलं, पायांत चपला. तिची आई भिंतीशी उभी राहून गोंडीत काहीतरी विनवत होती. ही जंगलाकडच्या गावातली. हिच्या चुलतबहिणीला असंच झालं होतं, दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. म्हणून ही इंजेक्शन देऊ देत नव्हती. घरी जाते म्हणत होती. रोशनी तिच्यासमोर भरलेली सुई घेऊन उभी होती.

पुष्पा सिस्टर हळू आवाजात मला म्हणाल्या, "मी केतीबी सांगतलं तरी मी सिस्टरच. तिले वाटते, हे तर असंच म्हणणार. तू सांग."

मला पानांतलं एक वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, "मी याच खाटेवर होती."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले झटका आला होता?"

"हाव. आला होता."

"मंग?"

मी माझ्या मुलीला पुढं केलं. "मंग ही."

मुलगी तिच्याकडं पाहून थुंकीचे फुगे काढत होती. तिनं बाळाच्या पायाला बोट लावलं, खरा आहे का पाहावा तसं. "चालते?"

"भिंत धरून. भल्ली बदमाश आहे."

मग तिनं सगळ्यात हळू आवाजात विचारलं, "तुले बराबर दिसते का?"

मी म्हटलं, "दिसते व. तुह्या नाकातली चमकी बी दिसून राहिली. त्याचा एक खडा पडला आहे."

तिचा हात नाकाकडं गेला. मग ती वाकली आणि तिनं चपला काढल्या. आडवी झाली. हॉलमध्ये माईकवरून पुष्पा सिस्टरांचं नाव पुकारत होते, एकदा, दोनदा. त्यांनी शाल काढून मावशीकडं दिली आणि हात धुवायला गेल्या.

"अंगाची आग होईल," मी त्या मुलीला म्हटलं. "मेली असं वाटन. ते औषध असते. उतरते ते."

तिनं डोळे मिटले आणि हात पुढं केला.

दोन आठवडे उलटून गेल्यावर एका दुपारी मी मशीनवर होते. रोशनीचा फोन आला. "दीदी, आज दोनों की छुट्टी हो गई। माँ भी ठीक, बच्चा भी।" मी मशीन थांबवली आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. सासू आतून धावत आली.

"काय झालं? काऊन रडून राहिली?"

"दोघांची सुट्टी झाली, आई."

कोणाची ते तिनं विचारलं नाही. ती माझ्यापाशी खाली बसली, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "बरं झालं व माय. बरं झालं."